बिनगादीची अचकन

"कडी लाव," आबासाहेब म्हणाले.

मी दार लोटलं आणि कडी लावली. हात घामानं ओले होते, त्यामुळे ती पहिल्यांदा निसटली. दाराच्या पलीकडे दुकानात लोक जमायला लागले होते. खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी खाकरत होतं, सरबताचे पेले एकमेकांवर वाजत होते. दसऱ्याची दुपार होती. बडोद्यातल्या खटावकर पोशाखवाल्यांची जुनी गिऱ्हाइकं दर दसऱ्याला सोनं द्यायला येत, तशी त्या दिवशीही येत होती.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मध्ये पडदा होता. पडद्याखालून आबासाहेबांच्या मोजड्या तेवढ्या दिसत होत्या. त्यांच्या अंगावर मी बेतलेली अचकन होती. ती अंगात घालून त्यांना बराच वेळ झाला होता आणि ते पडद्याबाहेर येत नव्हते.

"लागली कडी?"

"हो, आबासाहेब."

"ओढून बघ."

मी ओढून पाहिली. "लागली."

मोजड्या हलल्या नाहीत. त्या पडद्यामागून एकच शब्द येणार होता, आणि त्या एका शब्दावर वरच्या मजल्यावरच्या सगळ्या कारागिरांचं पुढचं आयुष्य ठरणार होतं.

ते कसं, हे आधी सांगायला हवं.

खटावकरांची अचकन ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एखादं चिलखत डोळ्यांसमोर आणावं. छातीत जाड कॅनव्हास, खांद्यावर कापसाची गादी, कॉलर पुठ्ठ्यासारखी ताठ. ती जमिनीवर ठेवली तर आत माणूस नसतानाही उभी राहील, अशी लोक थट्टा करायचे. आबासाहेबांच्या वडिलांनी हा बेत संस्थानी मानकऱ्यांसाठी काढला. मानकरी गेले, तेव्हा श्रीमंत घरचे नवरदेव ती घालू लागले. माझ्या काळात मात्र नवरदेवही कमी होत चालले होते. नव्या मुलांना बसता येईल, जेवता येईल, वरातीत नाचता येईल असं काहीतरी हवं होतं.

आबासाहेबांचे चिरंजीव श्रीरंगभाई यांनी मला अहमदाबादहून आणलं. मी डिझाइनचं शिक्षण नुकतंच संपवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवून सगळं सरळ सांगितलं.

"मृदुलाताई, पारेखभाईंची तयार कपड्यांची कंपनी आहे. त्यांना आमचं नाव विकत हवंय. फक्त नाव. कारागीर नकोत, वरचा कारखाना नको. मी तर सहीला तयार आहे. आबा म्हणतात, एक दसरा थांब, नवा बेत करून बघ. मला पसंत पडला तर दुकान चालव, नाही पडला तर कर सही."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं आबांना आयुष्यात दुसऱ्याचं काही पसंत पडलेलं नाही," श्रीरंगभाई हसून म्हणाले. "पण तुम्ही करा. मन लावून करा."

मी मन लावून केलं. मोतिया रंगाची चंदेरी घेतली. गादी काढली, कॅनव्हास काढला, कॉलर मऊ केली. कापड खांद्यावर टेकावं आणि तिथून सरळ खाली पडावं, बस्स. जनुभाई म्हणजे आमचे मुख्य कारागीर. त्यांचे वडीलही त्याच सतरंजीवर बसून शिवत आले होते. त्यांनी पहिल्या दिवशी माझा बेत बघून कपाळाला हात लावला. आठवडाभरानं मात्र ते कापड हातात घेऊन म्हणाले, "ताई, हिच्यात चूक लपवायला जागा नाही हो. फार भीती वाटते शिवताना."

भीती वाटण्यासारखंच होतं. त्या घराची रीतच तशी होती. नव्या बेताचा पहिला पोशाख दसऱ्याला घरच्या मालकानं घालायचा, तोही जुन्या गिऱ्हाइकांसमोर. तोपर्यंत त्यानं तो बघायचासुद्धा नाही. अंगात घातल्यावर एकच शब्द बोलायचा, पसंत किंवा नापसंत. आणि नापसंत झाला, तर ज्यानं शिवला त्यानंच तो तिथल्या तिथं बसून उसवायचा. एकेक टाका. असा उसवलेला पोशाख मी कधी पाहिला नव्हता, पण वरच्या मजल्यावर त्याच्या गोष्टी भुतांच्या गोष्टींसारख्या सांगितल्या जायच्या.

आणखी एक रीत होती. मालकाच्या अंगाला मापाची फीत लावायची नाही. फीत गिऱ्हाइकाला. मालकाचा नवा पोशाख त्याच्या गेल्या वर्षीच्या पोशाखावरून कापायचा. मीही तसाच कापला. आबासाहेबांची जुनी काळी अचकन खुंटीवर होती तशीच बाहेरून मोजली, गादीची आणि कॅनव्हासची जाडी त्यातून वजा केली. ती जाडी त्या घरात सगळ्यांना पाठ होती. जनुभाईंनी आकडा पुन्हा तपासला. चुकायचं काही कारणच नव्हतं.

पडदा सरकला.

आबासाहेब उभे होते. अचकन त्यांच्या अंगावर नव्हतीच. खुंटीवर टांगावी तशी ती त्यांच्या मानेला टांगलेली होती. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. छातीवर कापडाची पोकळ घडी पडली होती, तीत आणखी एक माणूस मावला असता. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर डोकावत होती.

मी भिंतीला धरलं. मनात एकच, मी चुकले. मी कुठेतरी आकडा चुकवला, आणि त्या एका आकड्यानं जनुभाईंची सतरंजी गुंडाळली जाणार.

"आबासाहेब, हे… असं कसं झालं? आम्ही नीट मोजलं होतं. जनुभाईंनीही बघितलं होतं. मी…"

"हळू बोल," ते म्हणाले. "बाहेर ऐकू जातं."

"पण मी खरंच…"

"तुझं काही चुकलेलं नाही. गप्प बस जरा."

ते रागावलेले नव्हते. आवाज अगदी बारीक होता. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी हनुवटीनं कोपऱ्याकडे खूण केली. तिथे खुर्चीच्या पाठीवर त्यांची रोजची काळी अचकन होती.

"ती उचल."

मी उचलायला गेले आणि एका हाताला ती उचलेना. दोन्ही हातांनी घेतली. भिजलेल्या गोधडीसारखी जड.

"आतून बघ."

मी अस्तर उलटं केलं. गादीखाली आणखी गादी होती. तिच्याखाली आणखी एक. छातीत, पाठीत, बाह्यांत, सगळीकडे कापसाचे थर होते, वरून बारीक टाक्यांनी पक्के केलेले. काही टाके जुने होते, काहींचा दोरा अजून नवा दिसत होता. जनुभाईंचा टाका मी ओळखत होते. हे टाके त्यांचे नव्हते.

"हे कोणी…?"

"मीच," आबासाहेब म्हणाले. "वर माझ्या खोलीत बसून. अंग उतरत गेलं तसतसा आत कापूस भरत गेलो. बाहेरून माप तेच राहिलं."

तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आणि मला दुसरी गोष्ट दिसली. उजव्या बाहीचं कापड हलत होतं. खोलीत वारा नव्हता. मनगटापाशी लहर उठायची आणि कोपरापर्यंत चढत जायची, पुन्हा मनगटापाशी उठायची. चंदेरी फार हलकी असते. तिला काही लपवता येत नाही.

आबासाहेब नेहमी हात पाठीमागे बांधून का उभे राहतात, हे मला त्या क्षणी कळलं.

"हात रिकामा राहिला की सुरू होतो," ते म्हणाले. "सुई दिली, कात्री दिली की थांबतो. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार."

"श्रीरंगभाईंना…?"

"कोणालाच नाही. आता तुला."

ते स्टुलावर बसले. बसताना त्यांनी माझा दंड धरला आणि ती थरथर माझ्या हाडापर्यंत आली. म्हातारं माणूस घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. लहान मूल घाबरलं की आपण जवळ घेतो. इतक्या मोठ्या माणसाचं काय करायचं, ते मला समजेना.

"श्रीरंगला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी कुलूप लावलं असतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणाला असता, आबा, पुरे आता. आणि लोक? कापणाऱ्याचा हात थरथरतो म्हटल्यावर महागाचं कापड कोण टाकेल माझ्यापुढे? म्हणून वाटलं, एक दसरा निभावून नेऊ. नवा बेत येईल, पोरं शिवतील, मी नुसतं पसंत म्हणेन आणि बाजूला होईन. मला काय माहीत, तू गादीच काढून टाकशील!"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी बेत आधी बघायचा नाही ही त्यांच्याच घरची रीत.

"ऐक," ते म्हणाले. "मला काळी अचकन चढव. बाहेर जाऊन श्रीरंगला सांग, नापसंत."

"आबासाहेब!"

"सांग."

"नापसंत म्हटलंत तर पारेखभाई… वरती सगळे…"

"कळतंय मला!" त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात धरला. तो हातही थरथरत होता. मग ते हळूच म्हणाले, "कळतंय गं पोरी. सगळं कळतंय. पण ह्या असल्या पारदर्शक कापडात त्या सगळ्यांसमोर उभं राहणं… नाही होणार माझ्याच्यानं."

दारावर टकटक झाली. मी दचकून किंचाळणारच होते.

"आबा," बाहेरून श्रीरंगभाईंचा आवाज. "शितोळे दादासाहेब आलेत. पारेखभाई पुढच्या खुर्चीत बसलेत. झालं का?"

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग मी मोतिया अचकन उतरवून घेतली आणि काळी उचलली. ती त्यांच्या खांद्यावर ठेवताना त्यांचे गुडघे किंचित वाकले. मी बटणं लावली. पाहता पाहता ते पुन्हा तेच आबासाहेब झाले, रुंद खांद्यांचे, ताठ मानेचे. हात पाठीमागे गेले. मी कडी काढली.

"नापसंत," आबासाहेब म्हणाले.

श्रीरंगभाई दारात थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता. खूप दिवस ज्याची वाट पाहिली ते आल्यावर होतो तसा थकवा होता. "बरं," ते म्हणाले. "मी जनुभाईंना पाठवतो."

जनुभाई आले तेव्हा सणाचा धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले होते. हातात छोटी कात्री होती. बाहेरूनच त्यांना कळलं होतं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. जमिनीवर मांडी घातली, मोतिया अचकन मांडीवर पसरली आणि तिच्यावरून तळवा फिरवला. आता हे उसवणार, आणि मी तोंड मिटून बघणार. बोलले तर एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलासमोर उघडं पाडल्यासारखं होईल. नाही बोलले तर…

"आबासाहेब," जनुभाई म्हणाले, "उसवतो. त्याचं काही नाही. फक्त कुठं चुकलं तेवढं सांगा."

"नापसंत म्हटलं ना."

"ते झालंच. पण चूक कळली पाहिजे की नाही? उद्यापासून शिवायचं नाही ते ठीक, पण मेल्यावर बापाला तोंड दाखवायचंय मला. काय सांगू, शेवटचा पोशाख नापसंत झाला आणि का ते माहीत नाही?"

आबासाहेब भिंतीकडे वळले.

जनुभाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. खांदा, काख, बाजू, घेर. पुन्हा खांदा. त्यांना काही सापडेना. असतं तर सापडलं असतं.

"काखेत ओढलं असेल," शेवटी ते स्वतःशीच म्हणाले. "माझंच. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बेत तुमचा चांगला होता. हात माझा चुकला."

आणि त्यांनी खांद्याच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं.

टाका तुटताना आवाज होतो असं कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण त्या खोलीत तो झाला. मी डोळे मिटले. दुसरा टाका तुटला. मी ओठ इतके घट्ट दाबले होते की तोंडात रक्ताची चव आली.

"जनू, थांब."

मी डोळे उघडले.

"टाका चुकलेला नाही," आबासाहेब म्हणाले.

"मग बेत?"

"बेतही नाही."

"मग आबा, नापसंत कशाला म्हणालात?" श्रीरंगभाई दारातून म्हणाले. "लोक बाहेर बसलेत. काय चाललंय हे?"

आबासाहेब काळ्या अचकनीची बटणं काढू लागले. बोटांना काम मिळालं होतं, त्यामुळे ती नीट चालली. शेवटचं बटण निघालं आणि ती अचकन त्यांनी खांद्यावरून सोडून दिली. ती धप्प करून जमिनीवर पडली, आणि लोकांच्या थट्टेतल्यासारखी क्षणभर खरंच उभी राहिली.

सदऱ्यातले आबासाहेब उरले. गळ्याची हाडं, काठीसारखे दंड, आणि दोन्ही हात बाजूला. हात रिकामे झाले तसे ते सुरू झाले. त्यांनी ते पाठीमागे नेले नाहीत.

जनुभाईंच्या हातातली कात्री खाली आली. श्रीरंगभाई आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"आबा. हे कधीपासून?"

"नंतर विचार."

"नंतर काय? कधीपासून? मला का नाही…"

"नंतर म्हटलं ना! लोक खोळंबलेत." मग त्यांनी जनुभाईंकडे वळून पाहिलं. "चूक पोशाखात नाही, जनू. माझं माप मीच लपवून ठेवलं होतं. तुझ्या बापाला बिनधास्त तोंड दाखव. आता दोरा ओव आणि ते दोन टाके घालून दे. बाकीचं अंगावर आवळा."

जनुभाईंनी टोपीनंच डोळे पुसले आणि सुईत दोरा ओवला.

आता मी लहान मुलांना शिवण शिकवते तेव्हा पहिल्यांदा कच्चा टाका शिकवते. तो लांब असतो, सैल असतो, पक्की शिवण होईपर्यंत कापडाला नुसतं धरून ठेवतो. मुलांना तो फार आवडतो, कारण चुकला तरी कोणी रागावत नाही. त्या दुपारी आबासाहेबांना मध्ये उभं करून डावीकडून मी आणि उजवीकडून जनुभाई तोच टाका घालत होतो. खांदे वर घेतले, पाठीत चुणी धरली, बाह्या आत दुमडल्या. माझीही बोटं थरथरत होती. एकदा सुई त्यांच्या दंडात टोचली.

"आई गं!"

"चुकलं, आबासाहेब, चुकलं!"

"थरथरायचं काम माझ्याकडे असू दे. तू नीट शीव."

काळी अचकन श्रीरंगभाईंनी उचलली होती. तिच्या आतले थर बोटांनी एकेक चाचपत होते.

"मला भीती वाटतेय, श्रीरंग," आबासाहेब एकदम म्हणाले.

"मग नका जाऊ, आबा. मी सांगतो बाहेर, बरं वाटत नाही म्हणून. काही बिघडत नाही."

"भीती वाटतेय म्हटलं. जात नाही असं म्हटलं का?"

आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळे उठून उभे राहिले. दर वर्षीची रीत. बहुतेक सगळे म्हातारे, बहुतेकांच्या अंगावर खटावकरांच्याच ताठ अचकनी. आबासाहेब चालत मधोमध गेले. मी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होते.

उभं राहण्याची गडबड हळूहळू थांबली. मग सगळ्यांच्या नजरा त्या एका बाहीवर गेल्या. मोतिया कापडावर लहर उठत होती, कोपरापर्यंत जात होती, पुन्हा उठत होती. पारेखभाईंनी मान खाली घातली.

"पसंत," आबासाहेब म्हणाले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शांतता इतकी लांबली की आता हे सगळे सोनं देऊन, नमस्कार करून निघून जातील, आणि वाटेत म्हणतील, खटावकर संपला, असं मला वाटायला लागलं. आबासाहेबांनाही तेच वाटत असावं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मग काठीचा आवाज आला. दादासाहेब शितोळे पुढे येत होते. आबासाहेबांचे ते सर्वांत जुने गिऱ्हाईक, बोलायला तिखट. ते समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी आबासाहेबांच्या खांद्याचं कापड दोन बोटांत धरलं.

"ह्यात गादी कुठाय रे?"

"नाही."

"कॅनव्हास?"

"तोही नाही."

"मग उभा कसा आहेस तू?"

"उभा कुठे?" आबासाहेब म्हणाले. "बघतोस ना, हलतोय."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. मग दादासाहेब हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. ठसका थांबेना. त्यांनी स्वतःच्या कॉलरशी झटापट केली, वरचं बटण उघडलं, मग दुसरं, मग सगळी अचकन अंगातून काढून शेजारच्या खुर्चीवर आपटली.

"केशव, तुझ्या बापापासून तुमच्या गाद्या खांद्यावर वाहतोय मी," ते आबासाहेबांना नावानं हाक मारत म्हणाले. "माझ्या पोराच्या लग्नात जिलबी समोर आली आणि वाकून तोंडापर्यंत नेता आली नाही मला! आज सांगतो. एवढी वर्षं वाटायचं, खटावकरासमोर कसं म्हणायचं, जड होतं म्हणून. मला असली एक शिवून दे. उद्याच्या उद्या."

"ही नवरदेवांसाठी आहे, दादासाहेब," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण ही?"

"हिनंच बेतली," आबासाहेब म्हणाले.

"बाई, नवरदेव तरणे असतात. ते पोतं घालूनही नाचतील. वजन सोसत नाही ते आम्हाला."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मलाही एक सांगा. पण कॉलर अजून थोडी खाली." दुसरं कोणी म्हणालं, "गुडघ्यापर्यंतच ठेवा हो, जिन्यात पायात येते." खुर्च्या पुन्हा सरकू लागल्या. जनुभाई दाराशी उभे राहून कोणाची कॉलर किती खाली ते पुटपुटत पाठ करत होते.

मी तो बेत कोणासाठी केला, हे मला तेव्हा कळलं. मी तो तरुण अंगं डोळ्यांसमोर ठेवून काढला होता.

मग सोनं वाटायची वेळ झाली. श्रीरंगभाईंनी आपट्याच्या पानांचं तबक आबासाहेबांसमोर धरलं. आबासाहेबांनी पान उचललं, दादासाहेबांच्या हातात ठेवायला गेले आणि ते खाली पडलं. दुसरं उचललं, तेही पडलं. दादासाहेब वाकायला लागले, तेवढ्यात श्रीरंगभाईंनी तबक माझ्याकडे दिलं आणि स्वतः खाली बसून पानं गोळा केली. त्यांनी एक पान वडिलांच्या तळव्यात ठेवलं आणि त्यांची मूठ आपल्या मुठीत धरली. दोघांच्या हातांनी मिळून सोनं दिलं.

रांग पुढे सरकत राहिली. एक हात थरथरत होता आणि दुसरा त्याच्यासोबत हलत होता. आबासाहेबांच्या चेहऱ्यावरची भीती गेली नव्हती. पण ते जागचे हलले नाहीत.

शेवटी पारेखभाई आले. सोनं घेऊन त्यांनी कपाळाला लावलं. भले गृहस्थ होते, पण धंदा तो धंदा. त्यांनी श्रीरंगभाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "तो पछी, श्रीरंगभाई? मग सोमवारी सही ना?"

मी तबक घट्ट धरलं. जनुभाई पुटपुटायचे थांबले. श्रीरंगभाईंनी वडिलांचा हात सोडला नाही.

"पारेखभाई," ते म्हणाले, "तुमची अचकन काळी करायची की मोतिया?"

पारेखभाई त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं, त्या हलणाऱ्या बाहीकडे पाहिलं.

"मोतिया," शेवटी ते म्हणाले, आणि ओशाळून आपल्या पोटावरून हात फिरवला. "पण माझं पोट आहे ना, आबासाहेब. ह्या कापडात दिसेल ते."

"दिसेल," आबासाहेब म्हणाले. "दिसू द्या."